येसू तोफवाल्याचं सोंग

फुलंब्रीला गाडी नीट थांबायच्या आतच साळूआत्यांनी काचेवर काठी वाजवली.

"किती वाट बघायची रे गोकुळ? तिकडं हुरडा निबर होऊन जायचा."

"आत्या, साडेसातच वाजलेत."

"तुझ्या घड्याळात. मी पाचपासून नेसून बसले."

त्यांच्या मागून काकासाहेब आले. कानाला मफलर, काखेत दह्याचं गाडगं आणि तोंडावर थोरल्या बहिणीपुढे आयुष्यभर हरत आलेल्या माणसाची समाधानी कळा. सासऱ्यांना पाहून गोकुळची बायको तनुजा उतरू लागली, तशी त्यांनी हातानंच खूण केली. "बस, बस. पोरगी मांडीवर घेऊन कुठं उतरती?"

मग जागांची अदलाबदल झाली. पुढे गोकुळशेजारी काकासाहेब आणि गाडगं. मधे आत्या, तनुजा आणि तिच्या मांडीवर नंदिनी. मागे मोठ्या जाऊबाई, म्हणजे थोरल्या अतुलची बायको दीपमाला, त्यांची अकरा वर्षांची प्रेरणा, चटणीचे डबे आणि सतरंज्या. दीपमाला आणि तनुजा मुकुंदवाडीत एकाच इमारतीत वरखाली राहत. त्यामुळे भांडायला आणि सारवासारव करायला दोघींनाही जिना तेवढा लागायचा.

तनुजाच्या पायाशी एक पिशवी होती. तिच्यात थर्मामीटर, तापाचं औषध, साखर-मिठाची पाकिटं, डासांचं मलम, दोन जादा स्वेटर, कानटोपी आणि उकळून गार केलेलं पाणी. दीपमाला त्या पिशवीला 'तालुक्याचा दवाखाना' म्हणायची. कुणी हसलं तर तनुजाही हसायची, पण पिशवी घरी ठेवायची नाही. ऑगस्टात नंदिनीला डेंग्यू झाला होता. सहा दिवस दवाखाना. पाचव्या दिवशी पोर पांढऱ्या चादरीवर इतकी निपचित पडली होती, की तनुजानं तिच्या नाकाजवळ हात धरून श्वास पाहिला होता. पोर बरी झाली, वजन वाढलं, शाळेत पळण्याच्या शर्यतीत दुसरी आली. तनुजा मात्र अजून त्या कॉटशेजारच्या स्टुलावरून उठली नव्हती. एम.एस्सी. झालेली बाई, रिपोर्ट वाचता येत होते, सगळे आकडे ठीक आहेत हे कळत होतं. कळूनही लक्ष हटत नव्हतं.

सिल्लोडच्या रस्त्याला लागल्यावर आत्यांनी पदर सारखा केला आणि सहज सांगावं तसं सांगितलं, "या वर्षीचं सोंग नंदी करणार."

मागच्या सीटवर प्रेरणाचं शेंगा फोडणं थांबलं.

सोंग म्हणजे या घराण्याचं वेड. दोनशेवीस वर्षांपूर्वी असईच्या रानात शिंदे-भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली. घरातल्या समजुतीप्रमाणे मूळपुरुष येसू शिंद्यांच्या तोफखान्यावर होता. गोऱ्यांची फलटण तोफांवर चालून आली, तेव्हा कित्येक गोलंदाज तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले. फलटण त्यांना ओलांडून पुढे गेली, तसे उठले आणि तोफा फिरवून त्यांच्या पाठीवर बार काढला. लढाई गेली ती गेलीच. पण येसू तिसऱ्या दिवशी भाजलेला हात घेऊन जिवंत घरी आला. जिवंत आला म्हणून गावानं त्याला पळपुटा म्हटलं. तेव्हापासून म्हणे या घरातलं मूल पाच वर्षांचं झालं, की त्याला त्या रानात नेऊन आडवं करायचं. मेल्यासारखं पडायचं, घरच्यांनी फलटण होऊन ओलांडून जायचं, मग मुलानं उठून काळ्या मातीचा गोळा पाठीत हाणायचा. म्हणजे सगळ्या जगाला कळावं, आमचा माणूस पळाला नव्हता, दबा धरून होता. लढाई पावसाळ्याच्या शेवटाला झालेली. पण त्या दिवसांत तिथं बैलही रुततो, म्हणून कुणा खाऊन-पिऊन सुखी पणजोबानं हा सोहळा हुरड्याच्या दिवसांवर ढकलला होता.

"साळू," काकासाहेब पुढूनच म्हणाले, "सोंग पोरं करत्यात. पोरींनी आजवर कधी केलं नाय."

"मग या वर्षी पाच वर्षांचं पोरगं आण कुठून तरी. हाय का?"

"नाय तर राहू द्यायचं एक वर्ष. अन् खरं सांगू का, या सगळ्याला कागद नाय, पुरावा नाय. तोफखान्यात बहुतेक उत्तरेकडचे लोक होते, पुस्तकात लिहिलंय." तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला हे दर वर्षी एकदा म्हणावंच लागे.

"पुस्तकवाला होता का तिथं उभा?"

"तू होतीस?"

"मी नव्हते, पण माझ्या आज्याला त्याच्या आज्यानं सांगितलं. तुझ्या पुस्तकवाल्याला कुणी सांगितलं?"

गोकुळ हसला आणि आरशात तनुजाचं तोंड दिसताच गप्प झाला.

तनुजानं आवाज शक्य तेवढा मऊ ठेवला. "आत्या, नंदूला अजून अशक्तपणा आहे. गार जमिनीवर झोपवायला नको."

"जमिनीचं नाय गं तुला. मला कळतंय ते." आत्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पण भ्यायचं नाय बाई. येसू पडला म्हणून तर जगला. पडणं म्हणजे मरणं नव्हं."

"तरी तो शब्द नको ना तिच्यासमोर."

"कोणता शब्द, मम्मी?" नंदिनीनं विचारलं.

"काही नाही. खिडकीबाहेर बघ, ऊस बघ."

तेवढ्यात मागून दीपमालाचा आवाज आला. आवाज गोड होता, आणि तो गोड झाला की घरातली माणसं सावध होत. "मामा म्हणतात ते बरोबरच आहे. आमच्या प्रेरणाच्या वेळेस मी विचारलं, तर पोरी तोफा उडवत नसतात म्हणाले होते. आता कशा उडवायला लागल्या? का धाकटीची पोरगी तेवढी येसूच्या रक्ताची?"

"मम्मी, जाऊ दे ना," प्रेरणा पुटपुटली.

काकासाहेबांनी दह्याच्या गाडग्यावरचं फडकं उगाचच पुन्हा बांधलं. तनुजाला मनातून हायसं वाटलं. जाऊबाई रुसव्यातून का होईना, तिच्या बाजूला आल्या होत्या. तीन विरुद्ध एक. गोकुळ धरला तर चार. गोकुळ नेहमीप्रमाणे गाडी चालवत होता.

असईच्या अलीकडे एका झाडाखाली गोऱ्या अंमलदाराची जुनी कबर आहे. आत्यांनी तिथं गाडी थांबवायला लावली आणि कमरेच्या पिशवीतून साखरेची पुडी काढून चिमूटभर साखर दगडावर ठेवली. ही त्यांच्या आईची रीत.

"शत्रूला साखर," काकासाहेब म्हणाले. "जगात दुसरीकडं कुठं बघायला मिळायचं नाय."

"तोंड गोड केलं की वैर संपतं. तुझ्या बायकोचं अन् माझं कसं संपलं?"

"ते संपलं कधी?"

प्रेरणा खुदकन हसली. नंदिनी कबरीच्या कडेनं एक फेरी मारून आली. "हा पण सोंग करतोय?"

"नाय बाळा," आत्या म्हणाल्या. "ह्यो खरा."

"म्हणजे उठणार नाही?"

"नाय."

"फलटण पुढे गेली तरी?"

तनुजानं तिला उचलून कडेवर घेतलं आणि गाडीकडे चालू लागली. पाच वर्षांची दणकट पोर कडेवर लोंबत होती. "मम्मी, मी मोठी आहे," ती म्हणत राहिली, तरी तनुजानं तिला खाली ठेवलं नाही.

दर वर्षी ज्यांच्याकडे हुरड्याला जायचं, त्या सर्जेरावांचं रान केळणा नदीच्या अंगाला होतं. त्यांच्या बांधाशी ना घडवलेला, ना शेंदूर फासलेला असा एक बसका दगड होता. त्यावर एक अक्षर नव्हतं, पण आत्यांच्या घराण्यानं तो आपला धरला होता आणि सर्जेरावांच्या घराण्यानं तो धरू दिला होता. आगटी पेटलेली होती. शेणीच्या निखाऱ्यात ज्वारीची हिरवी कणसं खुपसलेली, धुराला गोडसर वास. सर्जेराव भाजलेलं कणीस दोन तळहातांत चोळत, फुंकर मारत आणि हिरवेगार दाणे सतरंजीवरच्या ताटात पाडत.

"खा, वहिनी, खा. असा कवळा हुरडा सायबाच्या राणीनं बी खाल्ला नसंल."

"राणीला इथं बोलवायचं राहूनच गेलं," गोकुळ म्हणाला.

"आली असती तर लढाईच झाली नसती. खाऊन पडली असती बांधावर."

ऊन चढत होतं, पण वाऱ्याला अजून धार होती. दही, गूळ, शेंगदाण्याची चटणी, बोरं. सगळे बोलत होते आणि कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. तनुजानं नंदिनीला चार घास भरवले, पाणी पाजलं, कानटोपी घातली. पोरीनं ती काढली. तिनं पुन्हा घातली. शेवटी नंदिनी प्रेरणाबरोबर नदीच्या काठची ओली माती आणायला पळाली आणि तनुजाची मान त्या दिशेला वळून तशीच राहिली.

"पाठ लागून येईल तुझी," गोकुळ शेजारी येऊन बसला. आता मोठी माणसं लांब होती, म्हणून तो मोकळा बोलला. "तनू, मी पण पडलो होतो. खाली ढेकळं, वर नुसतं आभाळ. भीती नाही वाटली मला. हसू येत होतं."

"आणि आई?"

"ती रडली होती म्हणे. आणि नंतर तिनंच सगळ्यांत जास्त हुरडा खाल्ला."

"तू हो म्हणतोयस का नाही?"

"मी तू म्हणशील ते म्हणतोय."

"म्हणजे काहीच म्हणत नाहीयेस." ती चिडली आणि चिडताना तिला रडूही आलं. "गोकुळ, मी तिला तशी पडलेली बघितलीय. सोंग नव्हतं ते. पुन्हा बघायला लावू नका मला."

गोकुळनं एक कणीस उचलून चोळलं, हात भाजून घेतला आणि दाणे तिच्या ओंजळीत ठेवले. ती तशीच ओंजळ धरून बसली.

पोरी परत आल्या त्या कोपरापर्यंत काळ्या होऊन. प्रेरणानं मातीचे सहा गोळे वळून आणले होते. लिंबाएवढे, गुळगुळीत, एकसारखे. नंदिनी आईसमोर येऊन उभी राहिली.

"मम्मी, मी मरू का? एकदाच."

सतरंजीवर सगळ्यांचे हात थांबले. सर्जेरावांनी निखाऱ्याकडे बघायला सुरुवात केली.

"असं बोलायचं नाही," तनुजा म्हणाली.

"पण खरं नाही गं. तो कबरवाला मेला तसं नाही. पप्पा मेले होते ना, तसं."

हसायचं की नाही हे कुणालाच कळेना. काकासाहेब घसा खाकरून सुनेला म्हणाले, "पोरी, तू रागावू नको. तुला नको तर नको. मी साळूला समजावतो."

"मला कोण समजावतंय?" आत्या म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता. "बाई, तुझ्या मनाविरुद्ध नाय करायचं. मी म्हातारी, पुढल्या खेपेला असंल-नसंल, म्हणून म्हटलं. बाकी तुझी मर्जी."

पारडं असं आपल्या बाजूनं झुकलं की माणसाला आनंद व्हायला हवा. तनुजाला झाला नाही. नंदिनीनं मान खाली घातली होती आणि हातातला गोळा दाबून दाबून चपटा करत होती. न रडता. हे तिनं दवाखान्यातही केलं होतं, सुई टोचताना. ओठ घट्ट, हातात काहीतरी दाबत.

दीपमाला उठून तनुजाजवळ सरकली. हाताला चटणी, कपाळाला राख. "मी गाडीत बोलले ते तुझ्यासाठी नव्हतं बोलले."

"माहितीय, ताई."

"माझं सहा वर्षांपूर्वीचं होतं, ते आज निघालं. पण ऐक. तू नाही म्हणालीस तर मी तुझ्या बाजूनं, पदर खोचून. मग आत्या असोत नाहीतर मामा."

"आणि हो म्हणाले तर?"

दीपमालानं चटणीचा हात पदराला पुसला. "तर पण. मी आता बाजू ठरवलीय, सारखी सारखी बदलायला मला नाही जमत."

तनुजाला हसू फुटलं. त्या हसण्यातच कधीतरी तिनं नंदिनीला ओढून जवळ घेतलं, कानटोपी सारखी केली आणि म्हणाली, "एक सतरंजी खाली टाकायची."

"येसूला कोणी सतरंजी टाकली होती?" आत्या.

"आत्या!" गोकुळ आणि दीपमाला एका सुरात.

"बरं, बरं. टाका. गादी टाका. मच्छरदाणी लावा."

"आणि ओळीत मी शेवटी चालणार," तनुजा म्हणाली. "सगळ्यात जवळ."

"फलटणीच्या शेवटाला दारूगोळ्याचे गाडे असतात," काकासाहेबांनी शिक्षकाच्या आवाजात सांगितलं.

"मग मी दारूगोळा."

"ते तर आम्हाला रोजच माहितीय," गोकुळ हळूच म्हणाला, आणि ढेकळाचा पहिला मार त्यालाच बसला.

दगडाजवळ सतरंजी टाकली. काकासाहेबांनी गोकुळची क्रिकेटची टोपी घातली, ज्वारीचं एक धाट बंदुकीसारखं खांद्यावर घेतलं आणि बघता बघता त्यांच्या पाठीचा बाक गेला. त्यांनी नियम समजावले. "डोळे मिटायचे. हलायचं नाय. आम्ही ओलांडून पुढं जाऊ. मग मी खोकणार. खोकला ऐकला की उठायचं अन् गोळा हाणायचा. कळलं?"

"खोकला कशाला?" नंदिनीनं विचारलं.

"पोरांना दम निघत नाय म्हणून खूण ठेवलीय."

"येसूला फिरंग्यांनी खोकून सांगितलं होतं वाटतं," आत्या बडबडल्या. "नंदी, माझं ऐक. येसूनं काय केलं? फलटण पुढं गेली, तिला वाटलं इथं कोणी जित्तं नाय, तेव्हा उठला. आलं ध्यानात?"

"आलं."

ती आडवी झाली. प्रेरणानं एक गोळा तिच्या उजव्या मुठीत आणि दोन स्वेटरच्या खिशात ठेवले, गंभीर चेहऱ्यानं, शस्त्रं सोपवावीत तसे. नंदिनीनं डोळे मिटले.

फलटण निघाली. पुढे काकासाहेब, मग काठी टेकत आत्या, सर्जेराव, गोकुळ, दीपमाला, प्रेरणा. एकेक जण पोरीला ओलांडून पुढे जात होता. शेवटी तनुजा. तिनं खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं. तिनं बघितलं. पोर पडली होती, हात पसरून, तोंड आभाळाकडे. तनुजानं पाय उचलले, ओलांडलं, पुढे गेली. दोन पावलं, तीन, चार.

काकासाहेब खोकले.

काही झालं नाही.

ते पुन्हा खोकले, जरा मोठ्यानं. कापलेल्या ज्वारीच्या धसकटांतून वारा गेला. मग ते तिसऱ्यांदा खोकले आणि तो खोकला खरा होऊन त्यांनाच लागला; डोळ्यांत पाणी आलं, टोपी कपाळावर घसरली. फलटण थांबली, वळली.

"नंदू?" गोकुळनं हाक मारली. "बेटा, ऊठ आता."

पोर हलली नाही.

"झोपली असंल," सर्जेराव म्हणाले. "ऊन लागलं की डोळा लागतो."

"एवढ्यात?" दीपमालानं तोंडावर हात घेतला. "अगं बाई, विंचू-इंगळी तर नाही..."

आत्यांचा चेहरा उतरला. "माझ्याच तोंडाला आग लागो. मीच म्हटलं..."

गोकुळ निघालाच होता. सगळ्यांच्या नजरा तनुजाकडे वळल्या, कारण आता ही किंचाळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तीही पळणारच होती. पहिलं पाऊल पडलंसुद्धा. आणि मग चार महिने जे ती रात्रंदिवस करत आली होती, तेच तिनं तिथं उभ्या उभ्या केलं. पोरीकडे नीट बघितलं.

नंदिनी झोपली की तिचं तोंड उघडं राहतं. आजारी असली की कपाळाला आठी पडते. बेशुद्धीच्या उंबऱ्यावर होती तेव्हा हाताची बोटं सुटली होती, सैल, पाण्यात सोडल्यासारखी. आता तोंड मिटलेलं होतं. ओठ आत ओढलेले, इतके की हनुवटीला खळगा पडला होता. आणि उजवी मूठ गोळ्याभोवती घट्ट.

ही पोर मरायला नव्हे, मारायला टपली होती.

तनुजाला हे एकटीला कळलं. त्या सगळ्या रानात, त्या सगळ्या वडीलधाऱ्यांत, तिला एकटीला. एक हाक मारली असती तर खेळ संपला असता. तिनं धावणाऱ्या गोकुळचा दंड पकडला.

"चला. हुरडा गार होतोय."

"अगं पण..."

"चला म्हणते ना." आणि मोठ्यानं, पार दगडापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "मेली वाटतं ती. इथं कोणी जित्तं नाही. चला पुढे."

गोकुळ तिच्याकडे बघतच राहिला. दीपमालाला मात्र एका क्षणात उमगलं. जिन्यावरून वरखाली केलेली इतकी वर्षं काही वाया गेली नव्हती. तिनं आत्यांचा हात धरला, काकासाहेबांना वळवलं. "मामा, फलटण कूच करा. डावा, उजवा." बिचारे काकासाहेब काही न कळता चालू लागले.

तनुजाही चालली. शेवटी. पाठ पोरीकडे. मागे वळायचं नाही. मान आपोआप वळायला बघत होती, तिनं ती ताठ धरली. एक पाऊल, दोन. धसकटं पायाखाली मोडत होती. तीन, चार. मागे काहीच आवाज नव्हता. आठ. नऊ.

"धडाऽऽम!"

गोळा बरोबर दोन खांद्यांच्या मधे बसला. ओला, थंड, चांगला जोरात. सायीच्या रंगाच्या नव्या शालीवर काळी माती फुटली. दुसरा गोळा काकासाहेबांच्या टोपीला लागला आणि तिसरा, कुठं मारायचा हे न सुचून, सर्जेरावांच्या ताटात पडला. नंदिनी सतरंजीवर उभी राहून नाचत होती. "फसले! फसले! सगळी फलटण मेली!"

मग जो गलका झाला त्याला काही सुमार राहिला नाही. गोकुळनं पोरीला उचलून गोल फिरवलं. दीपमाला पोट धरून बांधावर बसली. आत्या हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. काकासाहेब मातीनं माखलेली टोपी हातात घेऊन पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "इतकी वर्षं बघतोय. मी पडलो, गोकुळ पडला, अतुल पडला. सगळे खोकल्यावर उठलो. खरी फसली ती फलटण आज."

"मग लिहून ठेव," आत्या म्हणाल्या. "कागद पाहिजे होता ना तुला? घे, हा कागद."

"नंदे, मी खोकलो की गं. ऐकू नाय आलं?"

"आलं की." नंदिनीला त्यांच्या अडाणीपणाचं नवल वाटलं. "पण तुम्ही तर सगळे थांबून बघत होता. येसू असा उठला असता तर त्याला मारलंच असतं ना!"

काकासाहेबांनी तीस वर्षं इतिहास शिकवला होता. त्यांनी पाच वर्षांच्या पोरीपुढे हात जोडले.

तनुजा शाल झटकत नव्हती. माती पाठीवरून गळत होती, गार पाणी ब्लाउजमधे उतरत होतं आणि तिला हसू आवरत नव्हतं. इतकं हसू, की गुडघ्यांवर हात टेकून श्वास घ्यावा लागला. दीपमाला जवळ आली. "मेली वाटतं, म्हणे! एवढं काळीज कुठून आणलंस गं?"

"तिची हनुवटी बघितली," तनुजा म्हणाली. एवढंच सांगता आलं तिला.

तेवढ्यात नंदिनीनं दगडाशेजारी उभं राहून हुकूम सोडला, "आता तुम्ही सगळे मरा."

"आम्ही?"

"हो. मी फलटण. प्रेरणाताई, तू पण."

"माझा ड्रेस..." प्रेरणा म्हणाली, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत सगळ्यांच्या आधी जाऊन ढेकळांत आडवी झाली, हात पसरून, गाल मातीला लावून. तिच्याशेजारी दीपमाला. सर्जेराव निखारे सोडून आले. गोकुळ धपकन पडला. काकासाहेबांनी आत्यांना आधी बसवलं, मग कुशीवर टेकवलं, आणि "दुखलं तर सांग" म्हणत स्वतः शेजारी लवंडले.

"मम्मी, तू राहिलीस."

तनुजा खाली बसली, मग पाठ टेकली. सतरंजी लांब होती. ती नुसत्या जमिनीवरच झोपली. ढेकळं गार होती, ऊन ऊबदार होतं, आणि वर गोकुळ म्हणाला होता तसं खरोखरच नुसतं आभाळ होतं.

"डोळे मीट."

तिनं डोळे मिटले. पोरीची पावलं ऐकू येऊ लागली. एकेकाच्या भोवती थांबत, कुणाला तरी वाकून बघत, कुणाचं तरी हसू दाबलेलं ओळखून "हसायचं नाही" असं बजावत ती फिरत होती. तनुजाच्या डोक्याशी येऊन ती थोडी रेंगाळली. मग पावलं पुढे गेली. धसकटांवरून, बांधाकडे, आणखी लांब, नदीच्या उतारापर्यंत. हळूहळू ऐकू येईनाशी झाली.

तनुजानं डोळे उघडले नाहीत.